कॉन्सर्टच्या तिकिटांचा काळाबाजार : कायदा करणार कोण?

22 सप्टेंबर 2024 च्या रविवारी दुपारी देशातील लाखो तरुण-तरुणी मोबाइल आणि संगणक उघडून बसले होते. ब्रिटनच्या कोल्डप्ले या बँडचे कार्यक्रम जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर व्हायचे होते. त्यांची तिकिटे बुकमायशो या एकाच कंपनीकडे मिळणार होती. विक्रीची वेळ बारा वाजताची, पण त्याआधीच संकेतस्थळ बंद पडले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा रांगेतला क्रमांक कित्येकांना लाखांच्या घरात दिसू लागला. स्टेडियमची क्षमता मात्र काही हजारांची. 18 आणि 19 जानेवारीची तिकिटे बघता बघता संपली. म्हणून 21 जानेवारीचा तिसरा कार्यक्रम जाहीर झाला, त्याचीही तिकिटे संपली. मूळ भाव 2,500 रुपयांपासून 35,000 रुपयांपर्यंत होते. विक्री संपते न संपते तोच व्हायागोगोसारख्या परदेशी फेरविक्री संकेतस्थळांवर याच कार्यक्रमांची तिकिटे काही लाख रुपयांना विकायला ठेवलेली दिसू लागली.

पुढे जे व्हायचे ते झाले. तक्रारी झाल्या. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंपनीच्या प्रमुखाला समन्स काढले. कंपनीने सांगितले की, फेरविक्री करणाऱ्या संकेतस्थळांशी आपला काही संबंध नाही आणि आपण स्वतःच पोलिसांत तक्रार दिली आहे. त्याच सुमारास दिल्लीत दिलजीत दोसांझ यांच्या कार्यक्रमांच्या तिकिटांचे तसेच झाले. ऑक्टोबर 2024 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने पाच राज्यांत छापे घातले आणि बनावट तिकिटांची विक्री इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप, टेलिग्रामवरून होत असल्याचे सांगितले. एका वकिलाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जानेवारी 2025 मध्ये, कार्यक्रमाला आठवडाभर उरला असताना, न्यायालयाने ती फेटाळली. हा धोरणाचा विषय आहे, त्यावर नियम करणे हे विधिमंडळाचे आणि शासनाचे काम आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. कार्यक्रम झाले, दिवे विझले, आणि विषय संपला.

आमच्या मते विषय तिथे संपत नाही, तिथून सुरू होतो. न्यायालयाने ज्यांच्याकडे बोट दाखवले त्या विधिमंडळाने पुढे काय केले, हा खरा प्रश्न आहे.

हा आपला प्रश्न आहे काय?

आमचे काही कार्यकर्ते मित्र यावर नाक मुरडतील. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, वसतिगृहात जागा नाहीत, आणि तुम्ही इंग्रजी गाण्यांच्या तिकिटांवर लेख लिहिता? हा आक्षेप आम्ही समजू शकतो. त्याचे उत्तर आकड्यांतून देतो.

2024-25 या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. या हिशेबाने 2,500 रुपयांचे सर्वांत स्वस्त तिकीट म्हणजे आठ दिवसांहून अधिक मजुरी. 35,000 रुपयांचे तिकीट म्हणजे 118 दिवसांची मजुरी. कायद्याने हमी होती वर्षाला 100 दिवसांची! म्हणजे एका माणसाच्या एका संध्याकाळच्या गाण्यासाठी दुसऱ्या माणसाच्या कुटुंबाची वर्षभराची सगळी हमी खर्ची पडली तरी पैसे कमीच पडतात. हा मूळ किमतीचा हिशेब झाला, काळ्या बाजाराचा नव्हे.

तेव्हा हा गरिबांचा प्रश्न नाही असे म्हणणे सोपे आहे. गरीब माणूस त्या दारापर्यंत पोहोचूच शकत नाही, म्हणून तो प्रश्न त्याचा नाही, असा त्याचा अर्थ होतो. हा युक्तिवाद आपल्या लोकांनी फार वेळा ऐकला आहे. उच्च शिक्षण तुमचा प्रश्न नाही, इंग्रजी तुमचा प्रश्न नाही, सिनेमा-नाटक तुमचा प्रश्न नाही! आपल्या वस्तीतील पोरे आज रॅप लिहितात, म्हणतात, ढोलकी आणि गिटार एकत्र वाजवतात. जगातला मोठा कलावंत आपल्या शहरात येतो तेव्हा त्याला डोळ्यांनी पाहावे असे त्यांनाही वाटते. पहिल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून दोन-तीन हजार रुपये बाजूला ठेवणारी मुले-मुली आमच्या ओळखीत आहेत. त्यांनी रांग लावली, नियम पाळला, तरी तिकीट त्यांना मिळाले नाही. ज्याने नियम मोडला त्याच्याकडे ते होते. चीड येते ती याची.

दुसरी गोष्ट अशी की, ही पद्धत इंग्रजी गाण्यांपुरती राहत नाही. क्रिकेटच्या सामन्यापासून मराठी नाटकापर्यंत तिकीट आता मोबाइलवर आले आहे. तिकिटावर वेगळे शुल्क आकारायचे, मागणी वाढली की भाव वाढवायचा, आणि तक्रार करायला समोर माणूसच ठेवायचा नाही, ही रीत एका ठिकाणी मुरली की सगळीकडे पसरते. रेल्वेने सप्टेंबर 2016 पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना फ्लेक्सी भाडे लावले, म्हणजे जागा भरत जातील तसे भाडे वाढत जाते. सरकारी गाडीलाच जे चालते ते खाजगी कंपनीने का करू नये, असा प्रश्न उद्या कुणी विचारला तर सरकारपाशी उत्तर काय आहे?

तिकीट जाते कुठे?

चाहत्यांच्या रागाला अनेकदा दिशा नसते. कुणी बँडला शिव्या देतो, कुणी संकेतस्थळाला, कुणी सरकारला. म्हणून तिकिटाचा प्रवास नीट समजून घेतला पाहिजे.

स्टेडियममध्ये जितक्या जागा असतात तितक्या सर्वसामान्य विक्रीला येतच नाहीत. काही प्रायोजकांना जातात, काही पाहुण्यांना, काही महागड्या खास कक्षांना. काही कार्यक्रमांत विशिष्ट बँकेचे क्रेडिट कार्ड असणाऱ्यांना एक-दोन दिवस आधी तिकिटे खुली होतात. ज्याच्याकडे ते कार्ड नाही, ज्याला बँक कार्ड देतच नाही, तो रांगेत उभा राहण्याआधीच मागे पडलेला असतो. उरलेल्या जागा किती, हे कुणी जाहीर करत नाही. दहा हजार तिकिटांसाठी आपण झगडलो की चाळीस हजार तिकिटांसाठी, हे चाहत्याला कधीच कळत नाही.

मग येतात दलाल. पूर्वी सिनेमागृहाबाहेर दहा का बीस म्हणणारा पोरगा उभा असायचा. बहुतेक वेळा तो झोपडपट्टीतलाच असायचा. पोलीस त्याला मानगुटीला धरून चौकीवर नेत. आजचा दलाल दिसत नाही. तो एकाच वेळी अनेक खाती उघडतो, काही ठिकाणी तर माणसाऐवजी संगणकीय प्रोग्रॅमच तिकिटे उचलतो. शिवाय काही जण हातात तिकीट नसतानाच ते विकायला ठेवतात. गिऱ्हाईक मिळाले की तिकीट शोधायचे, नाही मिळाले तर हात वर करायचे. ज्या संकेतस्थळावर हा व्यवहार होतो ते दोन्ही बाजूंकडून शुल्क घेते आणि आपण फक्त मध्यस्थ आहोत असे सांगते. व्हायागोगो ही अशीच कंपनी. तिने 2020 मध्ये अमेरिकेतील स्टबहब ही कंपनी 4 अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली. फेरविक्रीच्या धंद्यात किती पैसा आहे हे यावरून कळावे. दहा रुपयांचे तिकीट वीस रुपयांना विकणारा गुन्हेगार, आणि अडीच हजाराचे तिकीट लाखाला विकू देणारा उद्योजक, असा हा न्याय आहे.

तिसरी गोष्ट शुल्काची. तिकिटाची किंमत आधी एक दिसते. नाव, आसन, मोबाइल क्रमांक भरून शेवटच्या पानावर गेलो की सुविधा शुल्क, त्यावरचा कर असे करत रक्कम वाढते. तोवर घड्याळ उलटे धावत असते आणि माणूस घाबरून पैसे भरून मोकळा होतो. 500 रुपयांच्या वरच्या कॉन्सर्ट तिकिटावर 18 टक्के वस्तू व सेवा कर आहे, म्हणजे प्रत्येक महाग तिकिटात सरकारचाही वाटा आहे. वाटा घेणाऱ्याने जबाबदारीही घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

चौथी गोष्ट मक्तेदारीची. भारतात कोल्डप्लेचा कार्यक्रम भरवण्यात आणि त्याची तिकिटे विकण्यात एकच कंपनी होती. ऑगस्ट 2024 मध्ये झोमॅटोने पेटीएमचा तिकीट व्यवसाय 2,048 कोटी रुपयांना विकत घेतला. म्हणजे ही मोठी बाजारपेठ प्रामुख्याने दोन कंपन्यांच्या हाती आली. भारतीय स्पर्धा आयोगाने 2022 मध्ये बुकमायशोच्या बाजारातील वागणुकीची चौकशी करण्याचा आदेश दिला होता, तो सिनेमाच्या तिकिटांसंबंधी. मक्तेदारीची शंका चाहत्यांच्या डोक्यातली कल्पना नाही, एका वैधानिक संस्थेलाही ती चौकशीयोग्य वाटली, हे यातून स्पष्ट होते.

परदेशात काय झाले?

हा रोग आपल्याकडे आयात झालेला आहे, म्हणून तो जिथून आला तिथले उपचारही पाहावेत.

अमेरिकेत पर्ल जॅम या बँडने 1994 मध्येच टिकेटमास्टर कंपनीच्या शुल्काविरुद्ध संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली होती. तेव्हा कुणी फारसे मनावर घेतले नाही. 2010 मध्ये टिकेटमास्टर आणि कार्यक्रम भरवणारी लाइव्ह नेशन या दोन कंपन्या एकत्र झाल्या. कार्यक्रम भरवणारा तोच, अनेक सभागृहे त्याचीच, तिकीट विकणारा तोच आणि फेरविक्रीचे दुकानही त्याचेच! नोव्हेंबर 2022 मध्ये टेलर स्विफ्टच्या दौऱ्याची तिकिटे काढताना ही यंत्रणा कोलमडली आणि सर्वसामान्य विक्री रद्द करावी लागली. चाहते इतके संतापले की जानेवारी 2023 मध्ये सिनेटच्या समितीला सुनावणी घ्यावी लागली, आणि मे 2024 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने या कंपनीविरुद्ध मक्तेदारीचा खटला दाखल केला. मे 2025 पासून तिथे कार्यक्रमाच्या तिकिटाची सर्व शुल्कांसह एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवणे बंधनकारक झाले आहे. प्रोग्रॅम लावून तिकिटे लाटण्याविरुद्धचा कायदा तिथे 2016 पासून आहे.

ब्रिटनमध्ये ओअॅसिस बँडची तिकिटे 31 ऑगस्ट 2024 रोजी निघाली. सुमारे 150 पौंडांच्या आशेने तासन्‌तास रांगेत राहिलेल्या चाहत्यांना शेवटी उभे राहण्याच्या जागेसाठी 350 पौंडांहून अधिक भाव दिसला. चौकशीत असे आढळले की, संगणकाने क्षणाक्षणाला भाव बदलले नव्हते. एकाच प्रकारच्या जागेसाठी दोन भावांची तिकिटे ठेवली होती, स्वस्त संपली की महाग पुढे केली, आणि हे ग्राहकांना आधी सांगितले नव्हते. पुढे तिथल्या कंपनीला असे भाव असतील तर 24 तास आधी सांगण्याची हमी द्यावी लागली. नोव्हेंबर 2025 मध्ये तर ब्रिटिश सरकारने मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने तिकीट पुन्हा विकण्यावर बंदी घालण्याचा निर्णय जाहीर केला.

आयर्लंडने 2021 मध्ये कायदा करून 1,000 वा त्याहून अधिक क्षमतेच्या निर्देशित जागांच्या कार्यक्रमांची तिकिटे मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकणे गुन्हा ठरवला. जपानमध्ये जून 2019 पासून असा कायदा लागू आहे आणि त्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा 10 लाख येनपर्यंत दंड आहे. हे भांडवलशाही देश आहेत, तिथे कुणी बाजार बंद केलेला नाही. बाजाराला नियम लावले इतकेच.

कलावंतांनी मनावर घेतले तर काय होते हेही दिसले आहे. 2023 मध्ये द क्युअर या बँडने अमेरिकेत 20 डॉलरपर्यंत स्वस्त तिकिटे ठेवली. त्यावर लावलेले शुल्क तिकिटाहून जास्त होते असे दिसल्यावर गायक रॉबर्ट स्मिथ यांनी जाहीर आवाज उठवला, आणि कंपनीला शुल्काचा काही भाग ग्राहकांना परत करावा लागला. खुद्द कोल्डप्लेनेही भारतातील कार्यक्रमांसाठी नोव्हेंबर 2024 मध्ये 2,000 रुपयांची थोडी तिकिटे वेगळी विकली. स्वस्त तिकीट ठेवणे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. मात्र कलावंताच्या मेहेरबानीवर ग्राहकाचा हक्क अवलंबून ठेवता येत नाही. मेहेरबानी आज असते, उद्या नसते. हक्क कायद्यात लिहावा लागतो.

सरकारची उदारता कुणासाठी?

सरकारचे लक्ष कॉन्सर्टकडे नसते असे नाही. 1 नोव्हेंबर 1996 रोजी मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. तत्कालीन युती सरकारने त्याला करमणूक कराची माफी दिली. मुंबई ग्राहक पंचायतीने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ती करमाफी वर्षानुवर्षे वादात अडकली. शेवटी जानेवारी 2021 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत मान्य केली आणि तीन कोटींहून अधिक रुपये आयोजक कंपनीला परत देण्याचा निर्णय झाला. पंचवीस वर्षांत सरकारे बदलली, पक्ष बदलले, पण कंपनीला सवलत देण्याबाबत एकमत टिकून राहिले. तिकीट घेणाऱ्या ग्राहकासाठी असे एकमत कधी झाले?

28 जानेवारी 2025 रोजी पंतप्रधानांनी भुवनेश्वर येथे बोलताना मुंबई आणि अहमदाबादच्या कोल्डप्ले कार्यक्रमांचा उल्लेख करून कॉन्सर्टच्या अर्थव्यवस्थेचे महत्त्व सांगितले. पर्यटन वाढते, रोजगार मिळतो, हे खरे आहे. अहमदाबादच्या कार्यक्रमांसाठी पश्चिम रेल्वेने मुंबईहून खास गाड्या सोडल्या. नवी मुंबईत वाहतूक वळवली गेली, पोलीस बंदोबस्त लागला. म्हणजे रस्ता जनतेचा, रेल्वे जनतेची, पोलीस जनतेचे, आणि दाराशी आल्यावर जनतेला सांगायचे की, हा खाजगी व्यवहार आहे, आम्ही त्यात पडत नाही! अर्थव्यवस्था म्हणून गौरव करायचा असेल तर अर्थव्यवस्थेला लागणारे नियमही करावे लागतील.

कायदा काय म्हणतो?

आम्ही वकिली करतो, म्हणून हा भाग जरा तपशिलाने सांगतो. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतील नोंद 33 पाहावी. नाट्यगृहे, नाट्यप्रयोग, क्रीडा, मनोरंजन आणि करमणूक हे विषय राज्याच्या अखत्यारीत आहेत. म्हणजे कॉन्सर्टच्या तिकिटांबाबत कायदा करायला महाराष्ट्र विधिमंडळाला दिल्लीची परवानगी मागण्याची गरज नाही.

मग अडचण काय? अडचण ही की, आपल्याकडे कायद्याऐवजी कागद काढण्याची सवय आहे. महाराष्ट्र सरकारने 2013 आणि 2014 मध्ये आदेश काढून सिनेमाच्या ऑनलाइन तिकिटांवर सुविधा शुल्क घेण्यास मनाई केली होती. 2014 मध्येच त्याला स्थगिती मिळाली, आणि जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द ठरवले. अशी मनाई करण्याचा अधिकार करमणूक शुल्क कायद्याने सरकारला दिलेलाच नव्हता. अनुच्छेद 19(1)(छ) प्रमाणे व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य आहे, त्यावर बंधन घालायचे तर अनुच्छेद 19(6) प्रमाणे ते सार्वजनिक हितासाठी, वाजवी, आणि विधिमंडळाने केलेल्या कायद्याच्या आधारे असावे लागते. नुसत्या शासन आदेशाने ते होत नाही. अकरा वर्षे स्थगितीत गेली, या काळात विधिमंडळाची किती अधिवेशने झाली! त्यातल्या एकात चार कलमांची दुरुस्ती करता आली असती.

आता ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचा. फेरविक्रीच्या याचिकेत न्यायालय म्हणते, हे विधिमंडळाचे काम. सुविधा शुल्काच्या प्रकरणात न्यायालय म्हणते, कायद्याचा आधार नाही. दोन्ही निकालांचा रोख एकच आहे : कायदा करा. सरकारला न्यायालयाने अडवलेले नाही. सरकारने आपले काम केलेले नाही.

काही जण म्हणतील, किमतीवर बंधन घातले तर ते न्यायालयात टिकणार नाही. कर्नाटकाने सप्टेंबर 2025 मध्ये सिनेमाच्या तिकिटाला 200 रुपयांची मर्यादा घातली आणि उच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली, असा दाखला ते देतील. पण फरक लक्षात घ्या. आयोजकाने मूळ भाव किती ठेवावा हे ठरवणे एक गोष्ट आहे. एकदा ठरलेल्या भावापेक्षा जास्त दराने दलालाने ते विकू नये, ही वेगळी गोष्ट आहे. दुसऱ्या गोष्टीत आयोजकाचा एक रुपयाही बुडत नाही, कलावंताचाही बुडत नाही. बुडतो तो फक्त दलालाचा नफा, आणि त्याला सार्वजनिक हित म्हणता येत नाही. अर्थशास्त्राचे काही जाणकार सांगतात की, मूळ भावच वाढवला तर काळाबाजार आपोआप थांबेल. थांबेल, कारण मग दलालाचे काम आयोजक स्वतःच करील. चाहत्याच्या खिशाला त्याने काय फरक पडणार?

आमच्या मागण्या

महाराष्ट्र विधिमंडळाने मनोरंजन कार्यक्रमांच्या तिकीट विक्रीसाठी स्वतंत्र कायदा करावा. त्यात किमान पुढील गोष्टी असाव्यात, असे आम्हाला वाटते.

एक, मूळ किमतीपेक्षा जास्त दराने तिकीट विकणे आणि विकू देणे, दोन्ही गुन्हा ठरवावे. केवळ विकणाऱ्या पोराला पकडून भागणार नाही, ज्या संकेतस्थळावर हा व्यवहार होतो त्यालाही जबाबदार धरावे.

दोन, तिकीट नावाने असावे. पण आजारपण, परीक्षा, मयत अशी अडचण आली तर मूळ किमतीत तिकीट परत करण्याची सोय विक्रेत्याने द्यावी. नाव छापायचे आणि परतीची सोय द्यायची नाही, हा ग्राहकावर दुसरा अन्याय ठरेल.

तीन, पहिल्याच पानावर सर्व शुल्क आणि करांसह एकूण रक्कम दाखवावी. सुविधा शुल्क कशासाठी आणि किती, हे लिहावे.

चार, विक्री सुरू होण्यापूर्वी एकूण जागा, सर्वांसाठी खुल्या जागा, प्रायोजक व कार्डधारकांसाठी राखलेल्या जागा यांचे आकडे जाहीर करावेत.

पाच, पोलीस बंदोबस्त आणि सार्वजनिक सेवा घेऊन होणाऱ्या प्रत्येक मोठ्या कार्यक्रमात ठरावीक जागा स्वस्त दराने विद्यार्थ्यांसाठी ठेवाव्यात आणि त्या सोडतीने द्याव्यात. सोडतीत इंटरनेटचा वेग आणि क्रेडिट कार्ड चालत नाही. दिव्यांगांसाठीच्या जागा वेगळ्या आणि मूळ दरात असाव्यात.

सहा, कार्यक्रम रद्द झाल्यास शुल्कासह पूर्ण पैसे ठरावीक मुदतीत परत मिळावेत.

यातली एकही मागणी जगावेगळी नाही. बहुतेक गोष्टी कुठे ना कुठे प्रत्यक्षात आहेत.

तोपर्यंत आपण काय करावे?

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आपल्या हाती आहे. अनुचित व्यापारी प्रथेविरुद्ध जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. कंपनीचे कार्यालय कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. एकाच प्रकारे फसलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात, आणि याचा उपयोग आपण फार कमी करतो.

नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात 13 प्रकार सांगितले आहेत. खोटी घाई दाखवणे, न विचारता यादीत जादा वस्तू टाकणे, किंमत शेवटपर्यंत लपवून हळूहळू वाढवणे, हे सगळे त्यात येते. तिकीट काढताना असे काही दिसले तर पडद्याचे छायाचित्र काढून ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. छायाचित्र हाच तुमचा पुरावा आहे, नंतर ते पान सापडत नाही.

बनावट तिकीट घेऊन फसलेले काही तरुण आमच्याकडे सल्ल्यासाठी आले होते. पैसे भ्रमणध्वनीवरून दिलेले, विकणाऱ्याचे खाते बंद, आणि घरी सांगायची लाज. त्यातल्या बहुतेकांनी पोलिसांकडे जायला आठवडा घालवला होता. असे करू नका. फसवणूक कळताच 1930 या सायबर क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवता येतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज फसवणाऱ्याला वाटली पाहिजे.

आणि संघटित व्हा. अमेरिकेत टेलर स्विफ्टच्या चाहत्यांनी सिनेटला सुनावणी घ्यायला लावली. आपल्याकडे गाण्याचे चाहते लाखोंनी आहेत, पण आमदाराच्या दारात पत्र घेऊन गेलेले किती आहेत? प्रत्येक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आपापल्या आमदाराला एक पत्र द्यावे. नोंद 33 चा उल्लेख करावा, उच्च न्यायालयाचे जानेवारी 2025 आणि जुलै 2025 चे निकाल जोडावेत, आणि एकच प्रश्न विचारावा : न्यायालयाने तुमच्याकडे पाठवलेले काम तुम्ही कधी करणार?

आपल्या वस्त्यांत जलसे आणि गायन पार्ट्यांचे कार्यक्रम झाले ते मांडव घालून, सतरंजी टाकून. पुढे कुणी बसायचे ते जो लवकर येईल त्याने ठरवायचे, पैशाने नाही. मोठ्या स्टेडियमवरचा कार्यक्रम फुकट व्हावा असे आम्ही म्हणत नाही. वाद्यवृंदाला, तंत्रज्ञांना, रंगमंच उभारणाऱ्या मजुरांना पैसे मिळालेच पाहिजेत. पण ज्याने गाण्याचा एक सूर लावला नाही, एक खांब रोवला नाही, त्या दलालाने तिकिटाच्या दहापट पैसे घेऊन जावे आणि विधिमंडळाने ते पाहत राहावे, हे आम्हाला मान्य नाही. पुढच्या अधिवेशनात हा विषय कोण मांडतो, याकडे आमचे लक्ष राहील. वाचकांचेही राहावे.